मोत्याच्या ओठावरचा फ्लॉवर

काय वहिनी, धुणं वाळत घालताय? घाला घाला, मी इकडूनच बोलते. ज्ञानोबांनी आळंदीत भिंत चालवली, आपण निदान बोलती ठेवू.

मोत्याच्या तोंडावर फोड आलेत म्हणे? उचला बघू त्याला... अगंबाई, या तर चामखिळी! फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या. आमची राणी वर्षाची असताना तिलाही आल्या होत्या. मी रात्रभर जागी, आणि डॉक्टर हसतायत! म्हणाले, विषाणूमुळे येतात, लहान कुत्र्यांना फार. अंगात प्रतिकारशक्ती आली की एक ते पाच महिन्यांत बहुतेक आपोआप जातात. माणसाला लागत नाहीत, पण दुसऱ्या कुत्र्याला लागतात. तेव्हा घाटावरच्या भटक्यांबरोबर एका ताटलीत खाऊ देऊ नका. खाता येईना, तोंडातून रक्त आलं, तर मात्र दाखवा.

आणि भाऊजी गॅरेजातून जळकं ऑइल आणणार आहेत, हे खरं का? अहो, नामदेवराय कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, आणि हे ऑइलचा डबा घेऊन? कुत्रं अंग चाटतं, ते विष सगळं पोटात. लूत असली तरी लावू नये.

कोपऱ्यावरच्या आजींचं ऐकलंत ना? कुत्र्याच्या पापणीजवळची गाठ आठ दिवस हळद लावून जपली. नवव्या दिवशी गाठीला पाय दिसले! गोचीड हो, रक्त पिऊन टम्म झालेला.

माझ्या नणंदेचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चाकणला असते ती. तिच्या म्हाताऱ्या टायगरचा डोळ्याखालचा गाल सुजला, घरचे डोळ्यात थेंब घालत बसले. पू होता वरच्या दाढेच्या मुळाशी. दाढ काढली, सूज उतरली.

गांधीलमाशी चावून तोंड सुजलं आणि दम लागला, तर तासभरही थांबायचं नाही. एरवी वाटाण्याएवढी गाठ महिनाभर गेली नाही, वाढली, फुटली, किंवा आज मोठी उद्या लहान व्हायला लागली, तर डॉक्टरकडे. बारीक सुई टोचून पेशी काढतात, काचेवर बघतात. नुसतं दाबून त्यांनाही कळत नाही, मग आपल्याला काय कळणार? लाल बटणासारखी गाठ तरुण कुत्र्याला येते नि दोन-तीन महिन्यांत विरते, पण ती तीच आहे हे ठरवणार कोण?

दर रविवारी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं धरून. वाढ लगेच कळते. घट्ट धरा हं. राणीने दोनाचं गिळलं होतं. ते उद्या सांगते, नळ जायची वेळ झाली.