तिसऱ्या खणातील राजीनाम्यास अनावृत पत्र

रा. रा. राजीनामा,
मुक्काम तिसरा खण, अभिलेख कक्ष, यांसी

कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

गेली अकरा वर्षे आपण माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात, वाळून खडखडीत झालेले एक स्टॅम्प पॅड, गंजलेल्या टाचण्यांची डबी आणि कुठल्याशा निवडणुकीच्या कामातून उरलेला लाखेचा तुकडा यांच्या संगतीत, कसलीही कुरकुर न करता राहत आहात. इतक्या दीर्घ काळात आपणांस चार ओळी लिहिण्याचे सौजन्य माझ्याकडून घडले नाही, आणि आज घडते आहे तेही असे चारचौघांत, याबद्दल क्षमस्व. परंतु बंद पाकिटात घातलेल्या मजकुराचे पुढे काय होते याचा अनुभव आपणांस माझ्याहून अधिक आहे. शिवाय शासकीय कर्मचाऱ्याने जे लिहायचे ते 'योग्य मार्गाने' लिहावे असा दंडक असल्याने, आणि आपल्या-माझ्यामधला योग्य मार्ग म्हणजे खणाची एक किल्ली एवढाच असल्याने, हे पत्र उघडेच धाडणे मला भाग आहे.

प्रथम आपल्या नावाविषयी. 'राजी' म्हणजे संतुष्ट, संमत, आणि 'नामा' म्हणजे लेख. तेव्हा ज्याला आपली गरज भासते तो मनुष्य हमखास नाराज असायचा, आणि तरीही त्याने स्वहस्ते लिहून द्यायचे ते मात्र आपण राजी असल्याबद्दल! ज्या कोणा मुनशीने हे नाव रूढ केले त्याच्या विनोदबुद्धीला माझा मुजरा आहे. 'रजा' ही तर आपली सख्खी बहीण. दोघेही अरबीतल्या एकाच धातूची लेकरे, फारशीच्या वाटेने आमच्या कचेरीत येऊन स्थायिक झालेली. मग असे वाटते की, ज्याला भावाला हाक मारण्याचे धैर्य होत नाही तो बहिणीकडे जातो, आणि एका दिवसापुरता राजी होऊन दुसऱ्या दिवशी परत हजेरीपटावर सही करतो. 'नोकर' हा शब्द मूळचा मंगोलांचा, आणि तिकडे त्याचा अर्थ सरदाराचा सोबती. 'पगार' पोर्तुगीजांनी आणून दिला. एकंदर व्यवहारात आमचा घरचा म्हणावा असा एक कंटाळाच तेवढा दिसतो.

आपला जन्म २०१४ सालच्या एका पावसाळी सायंकाळचा. त्याची हकीकत आपणांस ठाऊक आहे, कारण ती आपल्याच दोन पानांत लिहिलेली आहे. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एक वृद्ध गृहस्थ जुन्या फेरफाराची नक्कल मागायला माझ्याकडे येत असत. त्यांचे गाव तालुक्याच्या पार टोकाला. सकाळची पहिली एस. टी. धरून ते येत, चपला दाराबाहेर काढीत (काढू नका, हे देऊळ नव्हे, असे मी त्यांना दोनदा सांगितले होते) आणि टेबलाच्या कडेला बोटांची टोके तेवढी टेकवून, "भाऊसाहेब, आमचं काय झालं?" असे विचारीत. त्यांचे झाले होते ते असे, की नक्कल तयार होती. ती माझ्याच कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, पिवळ्या फितीने बांधून ठेवलेली होती. तिच्यावर व्हायची ती फक्त एक स्वाक्षरी, आणि स्वाक्षरीचे साहेब कधी बैठकीला, कधी दौऱ्यावर, तर कधी नुसतेच 'आत्ताच बाहेर गेले'. "पुढल्या सोमवारी या," असे मी त्यांना सहा सोमवार सांगितले. माझ्या कपाटापासून साहेबांच्या टेबलापर्यंतचे अंतर चौदा पावलांचे आहे. ते मी पुढे एकदा मोजून पाहिले. सातव्या सोमवारी त्यांचा मुलगा आला, आणि नक्कल आता नको, असे म्हणाला. का नको ते मी विचारले नाही. त्याचे मुंडण केलेले डोके पाहिल्यावर विचारण्यासारखे काही उरले नव्हते. मी नस्तीवर 'अर्जदारास नकलेची आवश्यकता नाही, सबब प्रकरण निकाली' अशी टिपणी लिहिली. महिन्याअखेरच्या आढावा बैठकीत आमच्या कक्षाची प्रलंबित प्रकरणे एकाने घटल्याचे निदर्शनास आले, आणि साहेबांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच सायंकाळी, सारी मंडळी गेल्यावर, मी आपणांस लिहिले.

दुसऱ्या दिवशी आपणांस सादर करावे म्हणून मी वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसलो, आणि त्या फावल्या अर्ध्या तासात महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ उघडून पाहण्याची दुर्बुद्धी (की सुबुद्धी, हे प्रकरण अद्याप प्रलंबित आहे) मला झाली. हा ग्रंथ ज्यांनी वाचला नाही त्यांना अध्यात्म कळले असेल, भय कळलेले नाही. त्यात असे आहे की, मनुष्याने राजीनामा दिला की त्याची मागली सगळी सेवा बुडाली. अकरा वर्षे जणू तो कचेरीत आलाच नव्हता. मात्र वीस वर्षांची अर्हताकारी सेवा भरल्यावर, तीन महिन्यांची रीतसर नोटीस देऊन, तोच मनुष्य त्याच दाराने बाहेर पडला, तर तो स्वेच्छानिवृत्त होतो, आणि निवृत्तिवेतन त्याच्या मागोमाग घरापर्यंत चालत येते. माझी नेमणूक २००३ सालची. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर जे लागले त्यांना जुने निवृत्तिवेतन मिळेनासे झाले. म्हणजे दरवाजा बंद होण्यापूर्वी आत शिरलेल्या शेवटच्या काही मंडळींत मी होतो, आणि शेजारच्या टेबलावरची तरुण मुले माझ्याकडे एखाद्या इनामदाराकडे पाहावे तशी पाहत. पुढे २०२३ च्या मार्चमध्ये याच मागणीसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा ज्या वस्तूकरिता माणसे रस्त्यावर उतरली होती तीच वस्तू मी तिसऱ्या खणातल्या दोन पानांपायी उधळायला निघालो होतो, हे सांगण्याचीसुद्धा मला लाज वाटली. पण ते पुढचे. २०१४ सालच्या त्या सकाळी, वीस वर्षे भरू द्यावीत, असे मी ठरवले. आपण खणात गेलात ते तेव्हा.

मध्यंतरीच्या काळात आपल्या थोर पूर्वजांची चरित्रे वाचण्याचा मला नाद लागला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीच्या सरकारी शाळेतली नोकरी १८७९ साली सोडली, आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. शास्त्रीबोवांना त्यानंतर उणीपुरी सव्वादोन वर्षे लाभली, पण ती त्यांनी कोणाला विचारून खर्च केली नाहीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून टिळक १८९० साली बाहेर पडले ते कारणांची सविस्तर जंत्री लिहून. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले त्यामागे हिंदू कोड बिल होते. १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले ते मुंबईकरिता. या मंडळींच्या राजीनाम्यांना कणा होता तो असा, की राजीनामा देणाऱ्याहून मोठे असे काहीतरी त्यात होते. आपल्या पहिल्या मसुद्यातही चौदा पावले होती, सहा सोमवार होते. पण पुढे तीन वेळा पक्का मसुदा करताना मी ते एकेक करून गाळले, आणि शेवटी आपल्यात 'वैयक्तिक कारणास्तव' एवढे दोनच शब्द उरले. मूळची दोन पाने टाचणीने मागे जोडलेली आहेत खरी, पण सहपत्र कोण वाचतो?

नातलगांविषयी लिहीत नाही. "सोडून करणार काय?" हा त्यांचा एकच प्रश्न, आणि माझ्यापाशी त्याला उत्तर नाही. नोकरी सोडणारा मनुष्य पाठीमागे एखादी कविता, आंब्याची कलमे किंवा निदान मिसळीचे दुकान दडवून बसलेला असावा, अशी समाजाची अपेक्षा असते. मला यांपैकी काही करायचे नाही. मला फक्त 'पुढल्या सोमवारी या' हे वाक्य उच्चारायचे नाही, आणि एवढ्या एका नकारावर भांडवल उभे राहत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध घेण्याचे आदेश निघाले, आणि वर्षानुवर्षे कोणी न सोडलेले आमच्या कक्षातले रुमाल सुटू लागले. लाल कापडाच्या घड्या उलगडताच कसर सैरावैरा पळे, धुळीने नाकपुड्या काळ्या होत, आणि रोजंदारीवर आलेला एक मोडीवाचक तरुण खिडकीपाशी बसून कागदामागून कागद वाचीत जाई. एके दुपारी तो मोठ्याने म्हणाला, "सर, इथे एक राजीनामा सापडलाय." माझा हात, मला न विचारता, तिसऱ्या खणाच्या कुलपावर गेला. तो कागद अर्थात आपण नव्हता. मुंबईचा जमीन महसुलाचा कायदा १८७९ साली झाला, त्यानंतर चार-पाच वर्षांतला तो असावा. त्या काळी खातेदाराला एखादा सर्व्हे नंबर नकोसा झाला की त्याने सालअखेरीच्या आत राजीनामा लिहून द्यायचा, आणि ज्याला तो हवा असेल त्याने कबुलायत लिहून द्यायची, अशी वहिवाट होती. म्हणजे तेव्हा राजीनामा जमिनीचाही असे, नुसता खुर्चीचा नव्हे. त्या कागदावर मजकूर जेमतेम चार ओळींचा होता. अमुक नंबर येत्या सालापासून मजकडे नाही, इतकेच. खाली सही नव्हती, कारण लिहून देणाऱ्याला अक्षर येत नव्हते. सहीच्या जागी बोरूने काढलेला एक लहानसा नांगर होता. नांगर सोडणाऱ्याने निशाणी केली होती ती नांगराचीच. त्या निशाणीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो, इतका की मोडीवाचकाने तो कागद माझ्या हातून हळूच काढून घेतला.

तो मनुष्य राजी होता की नव्हता ते कागदात नाही. पण सालअखेरीच्या आत लिहून दिले नाही तर पुढल्या सालचा आकार, म्हणजे शेतसारा, आपल्या मानेवर बसणार, हे त्याला पक्के ठाऊक असले पाहिजे. जमीन पिको न पिको, आकार भरावाच लागतो. माझ्या ध्यानात आले की अकरा वर्षे मी सोडण्याचा हिशेब मांडत आलो, निवृत्तिवेतन किती बुडेल, गृहकर्जाचे हप्ते किती उरले, दहा, वीस आणि तीस वर्षांनी लाभ देणारी ती सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना मला कुठवर प्रगत करील. पण राहण्याचा आकार काय पडतो, ते एकाही रकान्यात मी लिहिले नव्हते. तो आता लिहून पाहतो. पूर्वी मी अर्जदाराचे तोंड पाहून बोलत असे, आता अर्जाचा आवक क्रमांक पाहून बोलतो. मागच्या हिवाळ्यात मुलीने सहलीला जाऊ का म्हणून विचारले, तेव्हा मी वर न पाहता "लेखी दे" असे म्हणालो. ती विनोद समजून हसली. तो विनोद नव्हता. अशा रकमा दरसाल चढत गेल्या आहेत, आणि त्या माझ्या वेतनचिठ्ठीत कुठेही कापून घेतलेल्या दिसत नाहीत.

आणि या साऱ्यात आपले काम काय होते, तेही आज बोलून टाकतो. रोज सायंकाळी निघताना मी तिसऱ्या खणाला कुलूप लागले की नाही ते पाहत असे, आणि आपण आत आहात एवढ्यावर मला बरे वाटे; मी मनात आणीन त्या दिवशी जाऊ शकतो, या समजुतीवर दुसरा दिवस निघे. आपण मला बाहेर काढण्यासाठी जन्मलात, आणि मी आपणांस आत राहण्याच्या कामी लावले. एखाद्या गुमास्त्याला वकिलीचे पत्र देऊन त्याच्याकडून जन्मभर पाणी भरून घ्यावे, तसाच हा प्रकार झाला. बरे, वीस वर्षे भरून दोन वर्षे उलटली. त्या दिवसापासून आपली कायद्यानेसुद्धा गरज उरली नाही. मी गेलोच तर तीन महिन्यांच्या नोटिशीने जाईन, आपल्याकरवी नव्हे. नोटिशीचा नमुना मात्र मी अद्याप आणलेला नाही. मुलीचे बारावीचे वर्ष आहे, हे कारण सध्या चालू आहे. त्याची मुदत येत्या मे महिन्यात संपते.

तेव्हा प्रश्न उरतो तो आपली विल्हेवाट लावण्याचा. आमच्याकडे कागदांच्या वर्गवारीत 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' चे तीस वर्षे, 'क' चे दहा, 'क-१' चे पाच, आणि 'ड' चे एक वर्ष ठेवून नष्ट करायचे. 'क' ची मुदत आपण केव्हाच ओलांडली. 'अ' वर्गात, त्या नांगराच्या शेजारी, बसण्याचा आपणांस अधिकार नाही. तो कागद दिला गेला होता. आपणांस मी 'ड' वर्गात घालत आहे, आणि वर्षभर थांबण्याची अटही शिथिल करीत आहे. जायचे ते जाईन, राहायचे तर राहीन. पण कुलुपाआडच्या पाकिटाच्या जोरावर राहणार नाही, एवढे आपणांस लेखी देतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक अव्वल कारकून

ता. क. — ती नक्कल पिवळ्या फितीत अजून कपाटातच होती. परवा मी ती नव्याने तयार केली आणि स्वतः नेऊन साहेबांपुढे ठेवली. हे साहेब त्या साहेबांनंतरचे चौथे. सही व्हायला अर्धे मिनिट लागले. आपल्या भगिनीस, म्हणजे रजेस, सोमवारकरिता अर्ज केला आहे, आणि ती मंजूर झाली आहे. त्या गावाकडे जाणारी पहिली एस. टी. सकाळी सव्वासहाला सुटते.