सोवळ्यातलं चिकन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चाळीस वर्षं लोकांना जेवू घातलं ते एकाच सिद्धान्तावर: माणूस ‘नको’ म्हणतो, तेव्हा त्याला हवं असतं. काकांचं कोलेस्टेरॉल वाढलं आणि डॉक्टरांनी तूप बंद करायला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “एका चमच्यानं काय होतंय? पोरगेला आहे तो डॉक्टर.” आणि काकांच्या वरणभातावर नेहमीची धार पडली.

पुढे मुलीनं परदेशी जाताना आपला लॅब्रॅडॉर यांच्याकडे ठेवला. रंगावरून त्याचं नाव पेढा. काकूंच्या हाताखाली तो आकारानंही नावाला जागला. गेल्या दिवाळीत त्यानं चकल्यांचा डबा एकट्यानं संपवला. मग उलट्या, पाठीची कमान, सलाइन. प्राण्यांच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाला सूज आल्याचं सांगितलं आणि तेल, तूप, चरबी सगळं बंद केलं. हा डॉक्टर काकांच्या डॉक्टरपेक्षा पाच वर्षांनी तरी लहान असेल; पण काकूंनी त्याचा शब्द वेदवाक्य मानून वहीत उतरवला.

घर पक्कं शाकाहारी. त्यामुळे गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळा कुकर आला. आयुष्यात कोंबडीच्या दुकानासमोरून नाकाला पदर लावून गेलेल्या काकू आता तिथे उभ्या राहून फर्मावतात, “ब्रेस्टच द्या. कातडी काढून. पिवळा ठिपका दिसला तर परत आणीन.” कुत्र्यांना कांदा-लसूण विषारी, हे कळल्यावर तर त्यांना पेढ्याविषयी आदरच वाटू लागला. बारा महिने चातुर्मास पाळणारा घरात तो एकटाच! चिकन शिजतं तेही असं सोवळ्यात: पाणी, दुधी, लाल भोपळा, गाजर. मीठसुद्धा नाही. मग ते पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी वर गोठलेली चरबी चमच्यानं अलगद उचलून फेकायची. साठ वर्षं साय साठवून तूप कढवणारा तो हात. फेकताना क्षणभर अडखळतो, हे मी पाहिलंय.

नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर मोजून पडते. स्वयंपाकघरात डिजिटल काटा आलाय. “चमचाभर तूप म्हणजे पाच ग्रॅम, म्हणजे पंचेचाळीस कॅलरी!” हे काकू आता काकांच्या देखत म्हणतात. काका वरणभातावरच्या धारेकडे बघतात आणि गप्प जेवतात.

एकदा मात्र ते बोलले. काकू मला सांगत होत्या, “केंब्रिजच्या लोकांनी २०१६ साली शोधलंय. बऱ्याच लॅब्रॅडॉरच्या एका जीनमध्येच बिघाड असतो. खाखा सुटते बिचाऱ्यांना. त्याचा काय दोष?”

“माझाही तपासून घ्या म्हणतो,” काका म्हणाले.

“तुमचा जीन नाही, जीभ आहे.”

खरी पंचाईत होती लाडाची. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवा, हा डॉक्टरांचा हुकूम; आणि इकडे आग्रह केल्याशिवाय काकूंना झोप येत नाही. तोडगा त्यांनीच काढला. ओटचं पीठ आणि उकडलेला भोपळा मळून त्या शंकरपाळ्याएवढी बिस्किटं भाजतात आणि एकेका बिस्किटाचे चार तुकडे करतात. पेढ्याला चार वेळा मिळाल्याचा आनंद, काकूंना चार वेळा आग्रहाचं पुण्य, कॅलरी एकाच बिस्किटाच्या. तीन महिन्यांत पेढ्याला पुन्हा कंबर आली.

परवा चहाला गेलो, तर बशीत नखाएवढा तुकडा. मी तो खाल्ला. दुसरा आला. “घे रे, लाजू नकोस.” तिसरा, चौथा. बेचव, पण आग्रह अस्सल. काका कोपऱ्यात बसून माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होते; त्यांच्या बशीतही चारच तुकडे होते आणि वरणभातावरची धार, कळलं, सोमवारपासून बंद झाली होती.

मी उठलो, तशा काकू पेढ्याच्या फासळ्या चाचपत म्हणाल्या, “वजन बेताचं असलं की बरगड्या हाताला लागतात.” मग त्यांची नजर माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर स्थिरावली.

“इकडे ये बघू जरा.”

मी पायऱ्यांनी उतरलो; लिफ्टची वाट पाहिली नाही.