बावीस इंचांचा मोह सोडा

सव्वा कोटीची गाडी घेणारा माणूस इंजिन बघतो, सीटचं चामडं चाचपतो, छताची काच उघडून बघतो. टायर बघत नाही, कारण ते गाडीबरोबरच आलेले असतात. तीन-चार वर्षांनी त्यांचा गोटा होतो आणि मग पहिल्यांदा निवड त्याच्या हातात येते. ही निवड आपल्याकडे हमखास बिघडते. रिम एक-दोन इंचांनी वाढते, रबर तेवढंच पातळ होतं आणि माणसं-सामान धरून अडीच टनांच्या वरचं धूड समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने निघतं.

म्हणून निकाल आधी सांगतो, कारणं मागून. महाराष्ट्रात आलिशान एसयूव्ही चालवायची असेल तर चाकं बदलताना वर जाऊ नका, खाली या. तुमच्या मॉडेलला आणि तुमच्या इंजिनाला कंपनीने मंजूर केलेली सर्वांत लहान रिम घ्या आणि तिच्यावर बसणारा सर्वांत जाड टायर घ्या. दुकानदार नाक मुरडेल. मुरडू द्या.

लँड रोव्हरची डिफेंडर घ्या. १८ इंची रिमवर २५५/७० मापाचा टायर येतो, १९ इंचीवर २५५/६५ आणि २० इंचीवर २५५/६०. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या किती टक्के आहे. कागद-पेन घेऊन हिशेब केला तर तिन्ही चाकांचा एकूण व्यास ८१४ मिलिमीटरच भरतो. गाडी तेवढीच उंच राहते, स्पीडोमीटरही तेच दाखवतो. बदलते ती फक्त रबराची भिंत. १८ इंचीत ती १७८ मिलिमीटर आहे, २० इंचीत १५३ आणि २२ इंचीत, म्हणजे २७५/४५ मापात, जेमतेम १२४. साडेपाच सेंटिमीटर रबर गेलं आणि त्याच्या जागी ॲल्युमिनियम आलं. बीएमडब्ल्यू एक्स फाइव्हची गोष्ट वेगळी नाही. १९ इंचीवर २६५/५०, भिंत १३२ मिलिमीटर. २२ इंचीवर पुढचा टायर २७५/३५, भिंत ९६. मुंबईच्या पावसाळ्यातला एक मध्यम खड्डा एवढं रबर सहज गिळतो.

१९७० साली पहिली रेंज रोव्हर आली तेव्हा ती १६ इंची लोखंडी डिस्कवर धावत होती. आज तीच कंपनी २३ इंची चाकं विकते. सात इंचांच्या या वाढीत रस्त्याच्या गरजेचा काडीचाही वाटा नाही, ती सगळी शोरूमच्या काचेमागे शोभून दिसण्यासाठी झाली आहे. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था ठाऊक असलेल्या देशात असं चाक हौसेचा पर्याय म्हणून पुढे करणाऱ्या कंपन्यांना मी जबाबदार धरतो. आणि रस्ते बांधणाऱ्यांना तर धरतोच.

खड्ड्यात नेमकं काय होतं ते नीट बघा. चाक खड्ड्यात उतरतं आणि समोरच्या कडेवर आदळतं. पातळ भिंतीचा टायर पूर्ण दबतो. त्याची भिंत एका बाजूने रिमची कड आणि दुसऱ्या बाजूने डांबराची कड अशा दोन धारांमध्ये चिमटते. भिंतीच्या आत दोऱ्यांचा थर असतो, हवेचा दाब पेलून धरण्याचं काम त्याचं. त्यातले काही दोरे त्या क्षणी तुटतात. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. गाडी सरळ चालते, मालक सुटकेचा नि:श्वास टाकतो. दोन-चार दिवसांनी भिंतीवर लिंबाएवढा फुगा येतो. तो दिसला की टायर संपला, मग त्याच्यावर दहा हजार किलोमीटरचं रबर शिल्लक असो वा नसो. फुग्याला दुरुस्ती नाही. ‘चालेल साहेब, हळू चालवा’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

रिमचंही तेच. कास्ट केलेलं मॅगव्हील जोरात आदळलं की आतल्या बाजूने वाकतं किंवा तडकतं. आतली बाजू कुणी बघत नाही. मग बेंड काढून, वेल्डिंग मारून, वर पावडर कोटिंग करून ते परत लावलं जातं. थोडा बेंड चांगल्या कारागिराकडून निघतो, हे खरं. पण तडा गेलेल्या रिमवर वेल्डिंग करून ती अडीच टनांच्या गाडीखाली घालणं हा गुन्हाच मानला पाहिजे. उष्णतेने धातूचा पोत बदलतो आणि पुढची भेग बहुधा वेल्डिंगच्या शेजारूनच सुरू होते.

आता नव्या रिम. कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत रिमांनी भरलेल्या भिंती आहेत आणि गिऱ्हाईक तिथे डिझाइन बघून बोट दाखवतं. बघायचं असतं ते वेगळंच. बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास आधी बघा. रेंज रोव्हर, डिफेंडरला पाच बोल्ट आणि १२० मिलिमीटर, ऑडी-मर्सिडीजला ११२, व्होल्वोला १०८, पोर्शेच्या केयेनला १३०. इथपर्यंत दुकानदाराला पाठ असतं. गडबड त्याच्या पुढे होते. रिमच्या मधलं भोक हबवर अचूक बसायला हवं. भोक मोठं असेल तर योग्य मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर ताशी ९० नंतर स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस महिनाभर बॅलन्सिंगवाल्याशी भांडत बसतो. बोल्टाची बैठकसुद्धा दोन प्रकारची असते. बीएमडब्ल्यूच्या बोल्टाची तिरकी, शंकूसारखी. मर्सिडीज, ऑडी, पोर्शेची गोल. गोल बैठकीच्या रिमवर शंकूचा बोल्ट आवळला तर तो घट्ट वाटतो, पण धातूला धातू फक्त एका बारीक रेषेत टेकलेला असतो. असा बोल्ट सैल होतो. त्यामुळे रिम बदलली की बोल्ट तिच्या जातीचे घ्या, गनने नुसते ठोकून न घेता टॉर्कच्या पान्याने आवळून घ्या आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासून घ्या.

रिम बाहेर काढून, चाकं मडगार्डच्या रेषेपलीकडे नेऊन गाडी रुंद दाखवायची टूम आहे. बेअरिंगवर भलता भार येतो, चिखल दारावर आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतो. याला मी हौस म्हणत नाही, दुसऱ्याला त्रास म्हणतो.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात ते स्पष्ट केलं: निर्मात्याने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन येतो तेव्हा हे आठवून उपयोग नाही.

टायरच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाकून वाचायला हवं. २७५/४५ आर २१ या मापाच्या पुढे बारीक अक्षरात ११० वाय असं काही असतं. यातलं ११० महत्त्वाचं. एक टायर १०६० किलो भार पेलतो, असा त्याचा अर्थ. १०७ असेल तर ९७५ किलो. माप तेच, दिसायला टायर तसाच, किंमत थोडी कमी, आणि चार टायर मिळून ३४० किलो क्षमता गायब. पाच माणसं, दिवाळीचं सामान आणि छतावर कॅरिअर अशी गाडी नागपूरला निघते तेव्हा हेच ३४० किलो आड येतात. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची मर्यादा, डब्ल्यू २७०, व्ही २४०. आपल्याला एवढा वेग कुठे गाठायचा आहे, हे कबूल. पण ही खूण टायर किती उष्णता सोसतो याचीही असते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका.

आणखी खाली अंडाकृती चौकटीत चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायर तीन वर्षं गोदामात उन्हाळे काढून आलेला असू शकतो. बिल करण्याआधी चारही टायरांचे अंक वाचा, आणि आयएसआयची खूण आहे ना तेही बघा. बीएमडब्ल्यूसाठी घडवलेल्या टायरवर छोटा तारा असतो, मर्सिडीजच्या टायरवर एमओ, ऑडीच्या एओ, पोर्शेच्या एन आणि पुढे अंक. ही नुसती जाहिरात नाही. त्या गाडीच्या वजनाला, सस्पेन्शनला, ब्रेकच्या यंत्रणेला जुळवून तो टायर केलेला असतो. मिळत असेल तर तोच घ्या.

मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि परदेशी मापांची टंचाई मालकांनी भोगली. त्यावर उपाय एकच: टायर पार संपायची वाट बघू नका. तीन मिलिमीटर खाच उरली की शोध सुरू करा. गोटा झालेल्या टायरवर दुकानात गेलात तर जे पुढ्यात येईल ते घ्यावं लागतं. किमतीचा बाऊ आता थोडा कमी करायला हरकत नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. चार टायरांना तरीही लाखाच्या पुढे लागतात, पण इतक्या महागड्या गाडीला ते लागणारच.

‘दोन टाका, दोन नंतर बघू’ हा सल्ला या गाड्यांना घातक आहे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले तर त्यांचा घेर वेगवेगळा पडतो. सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने फिरतात आणि मधली ट्रान्सफर केस तो फरक सतत सोसत राहते. ती बदलायचं बिल टायरच्या बिलापेक्षा मोठं असतं. चार एकदम घ्या, एकाच जातीचे.

समृद्धीवर टायर फुटतात ते काँक्रीटमुळे, असं सर्रास बोललं जातं. काँक्रीट टायर फोडत नाही. कमी हवेचा, जास्त लादलेला, म्हातारा टायर तासन् तास एकाच वेगात सारखा दबत-उलगडत राहतो, आतून तापत जातो आणि शेवटी फाटतो. या महामार्गाच्या तोंडावर परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते योग्यच होतं. नायट्रोजन भरला म्हणून निर्धास्त होऊ नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब बघा, आणि तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर लिहिलेला असतो. पूर्ण भार असेल तर त्याच कागदावर वेगळा, वाढीव आकडा आहे. तो भरा, टायर थंड असताना भरा.

रनफ्लॅट काढून साधे टायर टाकले की गाडी मऊ होते, यात शंका नाही. हवा गेल्यावरही ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर नेण्याची रनफ्लॅटची सोय मात्र तिथे संपते, आणि यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनीला जागाच नसते. शहरातच फिरणार असाल तर खुशाल बदला. रात्री-बेरात्री विदर्भ-मराठवाड्यात जाणार असाल तर स्टेपनीची सोय लागेपर्यंत रनफ्लॅट ठेवा. दोन्हींची सरमिसळ करू नका.

जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर सध्या डोळ्यांत भरतात. ज्यांची शेतं आहेत, ज्यांना कच्च्या वाटेने जावंच लागतं, त्यांनी ते जरूर घ्यावेत. बाणेर ते बीकेसी करणाऱ्याला त्यातून मिळतो तो आवाज आणि ओल्या डांबरावर वाढलेलं ब्रेकिंगचं अंतर.

कायद्याने मोटारीला १.६ मिलिमीटर खाच पुरते. कोकणातल्या आणि घाटातल्या पावसाला ती पुरत नाही. रुंद टायरखालचं पाणी बाहेर फेकायला खाचच लागते, आणि ती नसेल तर गाडी पाण्यावर तरंगते, मग ब्रेक कितीही महागडे असोत. म्हणून मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, खाच मोजायचं शे-दोनशे रुपयांचं गेज घ्या आणि चारही टायरांची आतली, मधली, बाहेरची खाच स्वतः मोजा. कुठेही तीनच्या खाली आकडा दिसला तर बदला, आणि बदलताना रिम मोठी करू नका.