दाखलेमामा

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत जा, उपासना सुटल्यावर दाराशी चपला शोधणाऱ्या गर्दीत हे गृहस्थ भेटतातच. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत चेनच्या कव्हरातलं पवित्र शास्त्र. तुमची एक चप्पल सापडत नसते. ते गालात हसत म्हणतात, "नव्व्याण्णव आहेत हो इथं, पण जीव कुठं अडकलाय? त्या एकीत!" आता दाखला सुरू झाला आणि चप्पल आपली आपणच शोधायची, हे जुन्या माणसांना कळतं. नवीन माणूस थांबतो. तो घरी जेवायला तीनला पोचतो.

सगळी मंडळी त्यांना मामा म्हणते, माघारी दाखलेमामा. मिशनच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले; फळा सुटला, खडू सुटला, तात्पर्य काही सुटलं नाही. पाळकसाहेब बदलून जातात, मामा पंच कमिटीत कायम. उपासनेतल्या सूचना द्यायला त्यांना कुणी उभं करत नाही. एकदा केलं होतं. 'स्त्री मंडळाची सभा बुधवारी चारला' एवढंच सांगायचं होतं. मामा बुधवारपासून निघाले ते उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या दिवसावर, सूर्यचंद्र झाले तिथं, जाऊन थांबले. बुधवारी सभेला कुणी आलं नाही. वेळ कुणाच्या लक्षातच राहिली नव्हती.

या दाखल्यांविषयी मामांना विचारलं तर ते घराण्याची परंपराच सांगतात. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले आणि त्यांनी अख्खं ख्रिस्तपुराण ओवीत सांगितलं. 1616 साली ते राचोलला छापलं गेलं. नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. "म्हणजे आपल्या मातीतलं घ्यायचं आणि त्यातून प्रभू दाखवायचा," मामा म्हणतात. बरोबरच आहे. फक्त त्या दोघांनी ओवी-अभंग निवडले, मामांनी प्रेशर कुकर निवडला. शिट्टी म्हणजे विवेकबुद्धी. तीन झाल्या की माणसानं उठावं. मामा स्वतः चौथी होईपर्यंत शिट्टीचं महत्त्व सांगत बसतात आणि वरणाचा लगदा होतो.

माझी मामांविषयी तक्रार एकच आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे. प्रभू येशू दाखला सांगून बहुधा पुढं निघून जात. पेरणाऱ्याचा अर्थ त्यांनी शिष्यांना एकांतात उलगडून सांगितला, निदणाचाही सांगितला. पण उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ शेवटी घरात गेला की अंगणातच फुगून बसला, हे लूकनं आजतागायत कुणाला कळू दिलेलं नाही. ऐकणाऱ्यानं ते घरी नेऊन चघळायचं. मामांना हे मुळीच पटत नाही. मोहरीचा दाणा लूकमध्ये दोन वचनांत झाड होतो; मामांच्या हाती त्याला पाऊण तास लागतो, वर फोडणी वेगळी.

घरात मात्र मामांची गाठ मामींशी आहे. मामी दाखले देत नाहीत, प्रश्न विचारतात. परवा त्यांच्याकडे घरगुती प्रार्थनासभा होती. तीस माणसांचा चहा चढवला आणि गॅस संपला. मामांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "दहा कुमारी!" ते म्हणाले. "पाच शहाण्या, पाच मूर्ख. वराच्या येण्याच्या वेळेलाच तेल—"

"अहो, सिलिंडरचा नंबर कुणी लावायचा होता?" मामींनी आतून विचारलं.

सभेत एकदम उपासना संगीताची पानं उलटल्याचा आवाज झाला. शेजारच्या काकूंनी आपली शेगडी दिली. मूर्ख कुमारींना त्या रात्री जे मिळालं नव्हतं ते मामांना मिळालं. ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही, म्हणून चहा गरम असतानाच पिऊन झाला.

मामींचं आवडतं पुस्तक टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. विसरभोळ्या, लहरी, देवमाणूस नवऱ्याबरोबर संसार कसा करावा याचं ते त्यांच्या दृष्टीनं हस्तपुस्तक आहे. नाताळाच्या आधी मामा जळमटं काढायला स्टुलावर चढतात, कोळी आणि चिकाटी या विषयाला हात घालतात आणि स्टुलावरच राहतात. तेव्हा मामी कुंचा हातातून काढून घेत म्हणतात, "टिळक 1919 साली गेले, 'ख्रिस्तायन' काव्य अपुरं ठेवून. पुरं लक्ष्मीबाईंनीच केलं ना? उतरा खाली." मामांना हे ऐकून बरं वाटतं. निदान टिळकांशी तुलना तरी झाली, असं ते मला म्हणाले.

पण मामांचा खरा दिवस सुगीच्या उपकारस्तुतीचा. त्या दिवशी वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या, अंड्यांची टोपली, पाय बांधलेल्या कोंबड्या, असं सगळं मांडलेलं असतं. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव. यात गंमत अशी की कुणी जिंकायला बोली लावत नाही, मंडळीच्या पेटीत चार पैसे पडावेत म्हणून लावतो. स्वतःच आणलेला भोपळा बाजारभावाच्या पाचपटीनं परत विकत घेऊन लोक हसत घरी जातात. यंदा एक तांबडा कोंबडा निघाला. लिलाव पुकारणारे पंच म्हणाले, "चारशे! चारशे एकवार..." तेवढ्यात कोंबडा आरवला. पेत्राचा नकार, पहाट, पश्चात्ताप, सगळं एकदम सुचून मामांनी बोलायला हात वर केला.

"पाचशे, मामा! एकवार, दोनवार, तीनवार!"

मामा म्हणाले, "अहो, मी फक्त सांगत होतो की पेत्रानं जेव्हा..." पण टाळ्या पडल्या होत्या. एरवी धान्य मोजायलाही वेळ लावणाऱ्या त्या पंचांनी इतक्या चपळाईनं तीनवार कसं म्हटलं, यावर पुढं आठवडाभर चर्चा चालली.

कोंबडा काखेत, पवित्र शास्त्र मामींकडे, अशी वरात घरी आली. वाटेभर मामा पेत्रावर बोलत होते आणि खरं सांगायचं तर फार चांगलं बोलत होते; नकार देऊनही माणूस परत जवळ घेतला जातो, यावर त्यांचा आवाज थोडा कापलासुद्धा. मामींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घराची कडी काढता काढता त्यांनी विचारलं, "आणि त्या कोंबड्याचं पुढं काय झालं?"

मामा प्रथमच थबकले. चारही शुभवर्तमानं त्यांनी मनातल्या मनात चाळली असावीत. "तसं कुठं दिलेलं नाही," ते म्हणाले.

"बरं," मामी म्हणाल्या आणि खोबरं भाजायला घेतलं.