बॅलन्स

सप्टेंबर १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत परतला, तर टेबलावर तशाच पडलेल्या एका बशीत बुरशी धरलेली, आणि तिच्या आसपासचे जंतू गायब. पेनिसिलिन सापडलं ते असं. थोडक्यात, गडी रजेवर गेला, पसारा आवरला नाही, आणि १९४५ साली नोबेल घेऊन बसला.

आमच्या औषध कंपनीत हे घडणं शक्य नाही. बुरशी दिसताक्षणी डेव्हिएशन दाखल होईल, मूळ कारण 'मानवी चूक' निघेल आणि फ्लेमिंगना पुन्हा ट्रेनिंगला बसवलं जाईल. अर्थात, आधी रजा मंजूर व्हायला हवी.

तसा आमच्याकडे बॅलन्स आहे. क्यूसीत, दगडी ओट्यावर, काचेच्या पेटीत. रोज सकाळी प्रमाणित वजनं ठेवून त्याची तपासणी होते, सहीनिशी. दुसऱ्या बॅलन्सवर एचआरचं व्याख्यान असतं, शनिवारी दुपारी, हजेरी सक्तीची.

गोळ्यांचं मात्र बरं असतं. ४० अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने चेंबरमध्ये काढले की त्यांची एक्स्पायरी ठरवायला घेतात. आमची कोणी विचारत नाही. मेमध्ये ठेवलेल्या बॅचचा सहा महिन्यांचा नमुना यंदा नेमका भाऊबीजेला निघाला. ताईला फोन केला, "संध्याकाळी येतो." रात्री दीडला एचपीएलसीचं प्रेशर वाढलं. ताईने ओवाळणीचं ताट व्हिडिओ कॉलवर फिरवलं, मी हातमोजे घालूनच नमस्कार केला.