पियानोच्या रेकॉर्डी ताडून पाहण्याची रीत

एकाच वादकाची एकच रेकॉर्ड ऐकून रचना आवडली, तर घाबरू नये. सुरुवातीला असे होते. त्याच रचनेच्या आणखी पाचसहा रेकॉर्डी मिळवाव्यात, म्हणजे आवडण्याचा त्रास हळूहळू कमी होतो आणि मत तयार होऊ लागते. स्वतःला पियानो वाजवता येत नसेल तर उत्तमच. ज्याला येतो तो बोटांच्या अडचणी जाणतो, आणि असा माणूस सहसा ठामपणे बोलत नाही.

नवशिक्याने ग्लेन गूल्डपासून आरंभ करावा. त्याने स्वतःचीच स्वतःशी तुलना करण्याची सोय करून ठेवली आहे. बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स त्याने १९५५ साली न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत सुमारे ३८ मिनिटांत वाजवली. १९८१ साली त्याच स्टुडिओत पुन्हा वाजवली, तेव्हा सुमारे ५१ मिनिटे लागली. हे आकडे पाठ करावेत. पहिली आवडते म्हटले की लोक आपल्याला रसरशीत समजतात, दुसरी म्हटले की प्रगल्भ. ‘दोन्ही आवडतात’ असे म्हणणाऱ्याला पुढच्या बैठकीचे बोलावणे येत नाही.

वाढलेल्या तेरा मिनिटांवर ‘वयाने आलेली शांती’ हे शब्द वापरावेत. पहिल्या खेपेला गूल्डने सगळ्या पुनरावृत्ती गाळल्या होत्या आणि दुसऱ्या खेपेला काही ठेवल्या, त्यामुळे त्यांतली काही मिनिटे शांतीची नसून नुसती उजळणीची आहेत, हे कोणाला सांगू नये. (सुरुवातीची आरिया मात्र दोन्ही वेळा पुनरावृत्तीशिवायच आहे, आणि तीही दोन मिनिटांच्या आतून तीन मिनिटांच्या वर गेली आहे. म्हणजे शांती थोडीफार आली होतीच.) वाजवताना गूल्ड गुणगुणतो. त्याला तन्मयता म्हणावे. दुसरा कोणी गुणगुणला तर ध्वनिमुद्रकाला दोष द्यावा.

चुकलेल्या सुरांचाही नियम असाच आहे. आर्तुर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात बेथोव्हनच्या बत्तीसच्या बत्तीस सोनाटा लंडनला ध्वनिमुद्रित केल्या. तोवर हे कोणी केले नव्हते. या सोनाटांतल्या ‘हामरक्लाविअर’च्या आरंभी खुद्द बेथोव्हनने मेट्रोनोमचा १३८ हा आकडा लिहून ठेवला आहे. बहुतेक वादक त्याला दुरून नमस्कार करतात. श्नाबेल त्याच्या मागे धावला आणि वाटेत बरेच सूर सांडले. सांडलेल्या सुरांत आपल्याला सत्य दिसले पाहिजे. आजच्या एखाद्या मुलीने स्पर्धेत एवढे सूर सांडले, तर मात्र तयारी कच्ची म्हणून मोकळे व्हावे.

शूबर्टच्या शेवटच्या, बी फ्लॅट मेजरमधल्या सोनाटापाशी जरा थांबावे लागते, कारण इथे तुलनेतून खरोखरच काही हाती लागते. पहिल्या भागाची सुरुवातीची बाजू पुन्हा वाजवायची की नाही, हा वाद आहे. रिख्तर वाजवतो, तेही इतक्या संथपणे की हा एकच भाग चोवीस मिनिटांच्या आसपास जातो. ब्रेंडेल वाजवत नाही, आणि का वाजवत नाही हे त्याने लिहूनही ठेवले आहे. पण पुनरावृत्ती गाळली की तिच्याकडे परत नेणारे शूबर्टचे नऊ बारही गळतात. एरवी खर्जात दबून कुजबुजणारा कंप या नऊ बारांत अचानक गर्जून उठतो. तो एकदा ऐकलेल्या माणसाला पुढची सगळी कुजबुज वेगळी ऐकू येते. माझा कौल रिख्तरला. ब्रेंडेलची बाजू अभ्यासूंनी घ्यावी, त्यांना तेवढी मिनिटे वाचवून आणखी एक रेकॉर्ड ऐकता येते.

नाव न बघता ऐकण्याचा प्रयोग करू नये. त्याने प्रकृती बिघडते. जॉइस हॅटो नावाच्या इंग्लिश वादिकेची हकीकत सर्वांनी लक्षात ठेवावी. ती जाहीर कार्यक्रमांतून निवृत्त झाली होती. पण तिच्या नावावर पतीच्या कंपनीकडून शंभराहून अधिक सीडी निघाल्या आणि जाणकारांना त्यांत दुर्मीळ प्रतिभा दिसली. २००६ साली ती वारली. पुढच्या वर्षी एका श्रोत्याने तिची लिस्टच्या एत्यूदांची सीडी संगणकात घातली, तर पडद्यावर लास्लो सिमॉन हे भलतेच नाव उमटले. ‘ग्रामोफोन’ मासिकाने तपास करवला आणि एकेक सीडी दुसऱ्याच कोणाची तरी निघू लागली. शेवटी पतीने कबुली दिली. सीडी ओळखणाऱ्या त्या यंत्रणेला प्रतिभेतले काही कळत नव्हते, ती नुसती ट्रॅकांची लांबी जुळवत होती.

ज्यांच्या कपाटात हॅटोच्या सीडी आहेत त्यांनी त्या फेकू नयेत. वाजवणे अस्सल आहे, फक्त वेष्टनावरच्या नावाखाली पेन्सिलीने खरे नाव लिहून ठेवावे. काही ट्रॅकांचा वेग मात्र चोरी लपवण्यासाठी बदललेला आहे, तेव्हा त्यांची मिनिटे पाठ केली असतील तर ती नव्याने करावी लागतील.