योंगब्योनचं साठेखत

एकच प्लॉट तिघांना विकणाऱ्याला आपल्याकडे लोक लबाड म्हणतात, आणि मनातून थोडं कौतुकही करतात. पण तोच प्लॉट त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा विकणाऱ्याला काय म्हणावं? मराठीत शब्द नाही. परराष्ट्र खात्याच्या भाषेत त्याला 'वाटाघाटीतला पक्ष' म्हणतात.

प्लॉट उत्तर कोरियात, प्योंगयांगच्या उत्तरेला. नाव योंगब्योन. वर 5 मेगावॉटची अणुभट्टी, 1950 च्या दशकातल्या ब्रिटिश नमुन्यावरून बेतलेली. पहिला व्यवहार ऑक्टोबर 1994 मध्ये जिनिव्हात ठरला. खरेदीखत नव्हे, साठेखत. रीतसर तह केला असता तर तो अमेरिकी सिनेटपुढं न्यावा लागला असता, आणि तिथं त्याचं काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून कागदाचं नाव ठेवलं 'मान्य आराखडा'. कोरियानं भट्टी गोठवायची. अमेरिकेनं वर्षाला 5 लाख टन फर्नेस ऑइल पोचवायचं आणि 2003 पर्यंत हजार-हजार मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या उभ्या राहतील असं बघायचं.

तेल यायचं, पण आपल्याकडच्या टँकरसारखं: येईल तेव्हा येईल. नव्या भट्ट्यांच्या पायात पहिलं काँक्रीट पडलं ऑगस्ट 2002 मध्ये. म्हणजे वास्तुशांतीच्या वर्षाच्या तोंडावर पाया! वॉशिंग्टनमधल्या बऱ्याच जणांचा हिशेब करार करतानाच साधा होता. कोरियाचे सर्वेसर्वा थोरले किम नुकतेच वारलेत, दुकान लवकरच बंद पडणार, मग कसल्या भट्ट्या नि कसलं काय. धाकट्या किमचाही हिशेब तितकाच साधा: पुढच्या दाराला कुलूप दाखवायचं प्लुटोनियमचं, मागच्या दारानं आणायचं युरेनियम. मागच्या दारी सेंट्रिफ्यूज घेऊन उभे होते आपले शेजारी, डॉ. अब्दुल कादीर खान.

आणि तरी लोक म्हणतात, दोघांत विश्वास नव्हता. छे! इतका गाढ विश्वास मी सख्ख्या भावांतही पाहिलेला नाही. समोरचा शब्द पाळणार नाही याची दोघांनाही खात्री होती, आणि दोघंही त्या खात्रीला जागले.

मध्ये कुमचांग-नीची गंमत झाली. डोंगरात चोरून काहीतरी चाललंय असा अमेरिकेला संशय आला. बघायला या म्हणाले, पण फुकट नाही. मग धान्य ठरलं, वर बटाटा लागवडीचा प्रकल्प ठरला (हे प्रवेशशुल्क नव्हे, असा खुलासाही झाला) आणि मे 1999 मध्ये अमेरिकी पाहुणे आत गेले. आत भलेमोठे रिकामे बोगदे. रिकामं भोक दाखवून बटाटे मिळवणारा दुसरा देश इतिहासात नसावा.

2002 च्या अखेरीस सगळं फिसकटलं. निरीक्षकांना हाकललं, आणि जानेवारी 2003 मध्ये कोरिया अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडला. वर्षभरानं अमेरिकी शास्त्रज्ञ सिगफ्रीड हेकर योंगब्योनला गेले, तेव्हा वापरलेल्या इंधनाच्या 8,000 कांड्यांचा हौद रिकामा होता. कांड्या कुठं गेल्या? यजमानांनी एक पेटी आणली. पेटीत लाकडी डबा, डब्यात मुरंब्याची असते तशी फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी, आणि बरणीत प्लुटोनियमचा तुकडा. हेकरांनी ती हातात घेऊन बघितली. जड लागली, किंचित कोमटही. पाहुण्यापुढं बरणी ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, पण आपण ती उघडून वाढतो.

ऑक्टोबर 2006 मध्ये पहिला स्फोट झाला, आणि लगेच प्लॉट पुन्हा बाजारात आला. या वेळी कागदपत्रं चोख हवीत असा अमेरिकेचा आग्रह. मे 2008 मध्ये कोरियानं भट्टीच्या नोंदींची 18 हजारांवर पानं गठ्ठे बांधून दिली. पानांवर काय लिहिलंय ते तपासायच्या आधीच, पानांवरच्या धुळीत समृद्ध युरेनियमचे अंश सापडल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे खोटं बोलणाऱ्यानं दिलेला कागद खरं बोलला. जूनमध्ये परदेशी कॅमेऱ्यांसमोर भट्टीचा कूलिंग टॉवर सुरुंग लावून पाडला. धुरळा उठला, टॉवर कंबरेत मोडला आणि खाली बसला. खर्च अमेरिकेचा. पाच वर्षांनी भट्टी पुन्हा सुरू झाली. टॉवर? लागलाच नाही. शेजारी नदी आहे, तिचं पाणी फिरवलं.

मधल्या काळात, 2010 मध्ये, हेकर पुन्हा गेले. जी इमारत निकामी केल्याच्या यादीत होती, तिच्यावर नवं निळं छप्पर होतं आणि आत 2,000 सेंट्रिफ्यूज, असं यजमानांनीच सांगितलं. पुढचा समझोता झाला 29 फेब्रुवारी 2012 ला. ही तारीख निवडणाऱ्याला मी मानतो: वर्षश्राद्ध चार वर्षांतून एकदाच करावं लागतं. समझोता मोडणारी उपग्रह सोडायची घोषणा 16 मार्चला झाली, म्हणजे तेराव्याला जेमतेम उसंत मिळाली.

आता अमेरिकेचा सातबाराही जरा उघडू. लिबियाच्या गद्दाफींनी 2003 च्या डिसेंबरात अण्वस्त्रांचा नाद सोडला, सामान खोक्यात भरून अमेरिकेला धाडलं. 2011 मध्ये नाटोची विमानं डोक्यावर आली आणि शेवटी गद्दाफी सांडपाण्याच्या पाइपात सापडले. 2018 च्या एप्रिलात अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार बोल्टन साहेब नातू किमना म्हणतात, लिबियाचा नमुना घ्या! मुलीकडच्यांना पटवताना आधीची सून स्टोव्हच्या भडक्यात गेल्याचं असं हौसेनं कोण सांगतं? पुढं 8 मे रोजी ट्रम्प इराणच्या करारातून बाहेर पडले. इराण अटी पाळतोय असं तपासनीस सांगत होते, तरीही. आणि 35 दिवसांनी सिंगापुरात किमचा हात हातात घेऊन नवी बैठक.

एक गोष्ट मात्र मला नाइलाजानं कबूल करावी लागते. त्या फसव्या पहिल्या साठेखतामुळं जुनी भट्टी आठ वर्षं खरोखरच बंद राहिली. विश्वासामुळं नव्हे. तिथं सील होतं, कॅमेरा होता, आणि त्या वैराण जागी कंटाळत बसलेला एक निरीक्षक होता. तो माणूस गेला आणि चार वर्षांत बाँब आला. पण त्याच्याबरोबर कुणी फोटो काढून घेतले नाहीत.

फेब्रुवारी 2019, हनोई. किमनी निर्बंध उठवण्याच्या बदल्यात पुढं केलेला माल कुठला? योंगब्योन! ट्रम्प उठून गेले. हॉटेलात दुपारच्या जेवणाचं टेबल मांडलेलं होतं, मेन्यूकार्डं ठेवलेली होती. कुणी बसलंच नाही.